पंधरा किलोचा डबा आणि पाच माणसांचं घर

पत्र थोडक्यात असं : लातूरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३६. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ताई एका खासगी शाळेत शिकवतात. त्यांच्या धाकट्या भावाची शहरात क्लासच्या मुलांसाठी मेस आहे. भावाकडं ठोक खरेदीच्या एका क्लबाचं सभासद कार्ड आहे. त्याचं ॲप ताईंनीही आपल्या फोनमध्ये भावाच्याच नावानं उघडलंय. चार महिने घरचा किराणा तिथूनच येतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा, तीस किलोचा तांदळाचा कट्टा, पाच किलो रवा, कपड्याच्या साबणाचं पोतं, सॉसच्या मोठाल्या बरण्या. प्रत्येक बिलाखाली ‘तुम्ही इतके रुपये वाचवले’ असं येतं, शेवटचा आकडा १,८४० होता. तरी महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. भाद्रपदात रव्याला जाळी धरली, दोन किलो फेकावा लागला. सासूबाई म्हणाल्या, “घरात रोज पंगत बसवायची हाय का?” गल्लीतल्या किराणावाल्या अप्पांनी २०१६ च्या दुष्काळात आठ महिने या घराला उधारीवर माल दिला होता. त्यांच्या दुकानावरून जाताना मान वर करवत नाही, असं सासूबाई म्हणतात. अमेरिकेतले दीर म्हणतात, “इकडं सगळे असंच भरून ठेवतात.” ताई विचारतात : “चार पैसे वाचवले तर माझं काय चुकलं? आणि सासूबाईंना हे पटवून कसं देऊ?”

ताई,

चार पैसे वाचवण्यात काहीच चूक नाही. हे आधीच सांगते, कारण तुमचं सगळं पत्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून लिहिल्यासारखं आहे. शाळा करून, घर सांभाळून रात्री अकराला भाव ताडून बघणारी बाई उधळी नसते. पण सासूबाईंना काय पटवायचं हे लिहायला बसले आणि तुम्ही पाठवलेल्या बिलांच्या फोटोंपाशीच अडकले. म्हणून आधी वही उघडू.

रवा पाच किलो, २०० रुपये. किलोला ४० पडला. अप्पांकडं ४६ होता असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पाच किलोमागं ३० रुपये वाचले. आता त्यातला दोन किलो फेकून दिला. खाण्याजोगा उरला तीन किलो आणि त्याला लागले २०० रुपये. किलोला ६६ रुपयांच्या वर गेला की हो! तेवढाच तीन किलो अप्पांकडून १३८ रुपयांत आला असता. किंमत काढताना आणलेल्या किलोनं भागायचं नाही, पोटात गेलेल्या किलोनं भागायचं. ॲप हा भागाकार करूच शकत नाही, कारण डब्यात पुढं काय होतं हे त्याला दिसत नाही.

आता तेल. पत्रात तुम्ही दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी लिहिल्यात, त्या मी शेजारी ठेवते. अप्पांकडून महिन्याला एक लिटरचे पाच पुडे लागायचे. आता पंधरा किलोचा डबा अडीच महिन्यांत संपतो. लिटरभर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे पाच पुडे झाले साडेचार किलोच्या आसपास. डब्याच्या हिशेबानं तुम्ही महिन्याला सहा किलो तेल वापरताय. माणसं तीच, जेवण तेच, तेल दीड किलोनं वाढलं. कुणाची चूक नाही, डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. पुडा संपत आला की आपण फोडणीत आपोआप आवरतं घेतो. किलोला दीडशे रुपये धरले तरी महिन्याला सव्वादोनशे रुपये असेच कढईत गेले. तेही अशा घरात, जिथं तुमच्या नवऱ्याला डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलंय.

तेलाचंच आणखी एक, कारण यात पुष्कळजणी फसतात. ‘पंधराचा डबा’ दोन प्रकारचा येतो, पंधरा किलोचा आणि पंधरा लिटरचा. पंधरा लिटरमध्ये तेल असतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. समजा, लिटरचा डबा २,१०० ला आहे आणि किलोचा २,२५० ला. स्क्रीनवर पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो. भागून बघा : पहिला किलोला जवळजवळ १५४ पडतो, दुसरा १५०. डब्यावर निव्वळ वजन छापलेलं असतंच. शिवाय आता पाकीटबंद मालावर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतं तो एकक दरही छापायचा नियम आहे. तो बारीक अक्षरातला आकडा वाचायची सवय लावून घ्या आणि मुलांनाही लावा. तुमच्या सातवीतल्या मुलीला गणिताचा याहून चांगला गृहपाठ मिळणार नाही.

राहिला तो १,८४० चा आकडा. तो कशाशी तुलना करून येतो? छापील किमतीशी. अप्पा तुम्हाला साखर, डाळ, साबण छापील किमतीला देतात का? मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या ठोक बाजारात, कुणी देतं का? वाचलेले पैसे मोजायचे तर ते अप्पांच्या भावाशी ताडून मोजायचे. तुमच्या तिन्ही बिलांतल्या ज्या वस्तूंचे अप्पांचे भाव तुम्ही दिलेत तेवढ्या मी जुळवून बघितल्या. खरी बचत तांदळात आहे, भांड्याच्या साबणात आहे, थोडी चहापत्तीत. बिस्किटं, नूडल्स, सॉस आणि ते चार किलो चीज या वस्तू तुमच्या आधीच्या यादीत नव्हत्याच. त्या स्वस्त मिळाल्या म्हणून आल्या आणि महिनाअखेरीचे पैसे तिकडं गेले.

तुम्ही लिहिता की सासूबाईंना ठोक खरेदी कळत नाही, त्यांना पाव किलो-अर्धा किलोची सवय आहे. ताई, हे मला अजिबात पटलं नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की साबणाचं पोतं ठेवायला जागा नव्हती म्हणून ते सासूबाईंच्या जुन्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलं. ज्या बाईच्या घरी कोठी आहे तिला ठोक खरेदी कळत नाही कसं म्हणता? तिनं आयुष्यभर साल भरलंय. चैत्र-वैशाखात मालदांडी ज्वारी आणि गहू गच्चीवर पसरायचे, कडकडीत ऊन द्यायचं, सावलीत निववून मग भरायचे, मधे मधे कडुलिंबाचा वाळला पाला घालायचा. तुरीच्या डाळीला तेलाचा हात लावायचा. तांदळात बिबे टाकायचे. मिरची, हळद, चिंच, गूळ, शेवया, कुरडया, सगळं वर्षाचं. तुमचा तीस किलोचा कट्टा तिच्या हिशेबानं अगदीच थोडा.

पण त्या भरण्यामागं एक शास्त्र होतं, ते नीट बघा. अख्खं धान्य वर्षाचं भरायचं, डाळ भरली तर ऊन आणि तेलाचा हात देऊनच. दळलेलं, भरडलेलं कधीच नाही. दळण आठ-पंधरा दिवसांचं. रवा लागेल तसा. दाणा फुटला की त्याचं कवच गेलं, मग दमट हवा, अळी आणि खवटपणा यांना आत शिरायला वाट मोकळी. तुमच्या सासूबाईंनी पाच किलो रवा आषाढाच्या तोंडावर भरला असता का? विचारा त्यांना. मला त्यांचं उत्तर माहीत आहे, कारण हीच चूक मी केली आहे. संभाजीनगरला नवीन घर केलं तेव्हा एका ऑनलाइन दुकानातून मी दहा किलो शेंगदाणे मागवले होते, भाव फार चांगला होता म्हणून. श्रावणात उपासाला कूट केला तर तोंडात धरवेना, इतका खवट. माहेरी फोन केला तर आईनं एवढंच विचारलं, “दाणे भरलेस? शेंगा न्हाई भरल्यास?” आमच्याकडं पोत्यानं शेंगा असायच्या. टरफलातला दाणा टिकतो, लागेल तसा फोडून घ्यायचा. लहानपणी टीव्हीसमोर बसून शेंगा फोडायचं काम आम्हा भावंडांचं होतं आणि मला ते निव्वळ कंटाळवाणं वाटायचं. त्यामागं हा हिशेब होता हे दहा किलो दाणे वाया गेल्यावर कळलं.

तेव्हा “रोज पंगत बसवायची हाय का?” याला टोमणा समजू नका. पाच माणसांच्या घरात किती माल असावा हे त्या सांगताहेत. साबणाच्या पोत्याचंही तसंच. मानाची गोष्ट बाजूला ठेवली तरी धान्याजवळ साबण ठेवला की धान्याला वास धरतो, आणि तांदूळ तर लगेच धरतो. आज ते पोतं कोठीवरून उतरवा. त्या कोठीच्या खोलीच्या चाव्या इतकी वर्षं त्यांच्या कमरेला होत्या. आता माल येतो तुमच्या फोनवरच्या ओटीपीनं, आणि काय येणार हे खोकं फोडल्यावर त्यांना कळतं. मला वाटतं राग साबणाचा कमी आणि या न विचारण्याचा जास्त आहे.

दिरांचं म्हणणंही खोटं नाही, ते त्यांच्या घरापुरतं खरं आहे. अमेरिकेत हे क्लब कुटुंबांसाठीच आहेत. वर्षाची फी भरून कुणीही सभासद होतं. कॉस्टको नावाच्या तिथल्या क्लबाची साधी फी २०२४ पासून ६५ डॉलर आहे. असा क्लब माल अगदी थोड्या नफ्यावर विकतो आणि त्याच्या एकूण नफ्याचा मोठा भाग या फीमधूनच येतो. तिथं मोठा फ्रीज असतो, वेगळा फ्रीझर असतो, गॅरेजमध्ये फळ्या मारलेल्या असतात. आणि तिथंही ऑनलाइन मागवलं तर कितीतरी वस्तू प्रत्यक्ष गोदामातल्यापेक्षा महाग पडतात, पोचवायचा खर्च किमतीतच धरलेला असतो म्हणून. लातुरात गॅरेजची जागा कुठली? नळाला रोज पाणी नाही, म्हणून जिथं कट्टे ठेवायचे तिथं पाण्याचे ड्रम आणि टाक्या उभ्या आहेत. तुमच्याही घरी आहेत, फोटोत दिसताहेत. ड्रमाला टेकवून ठेवलेल्या तांदळाच्या कट्ट्याला खालून ओल येणारच.

या क्लबांचं मूळ तर कुटुंबांसाठी नव्हतंच. १९७६ मध्ये सॅन डिएगोला विमानाच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब निघाला तो लहान व्यावसायिकांना ठोक भावात माल मिळावा म्हणून. आपल्याकडं २००३ साली बंगळूरला मेट्रो ही ठोक विक्रीची कंपनी आणि २००९ साली अमृतसरला वॉलमार्ट आली तीही दुकानदार, हॉटेलवाले, मेसवाले यांच्याचसाठी. परकीय कंपन्यांना ठोक व्यापारात पूर्ण मुभा आणि किरकोळीत बंधनं, असं आपलं धोरण असल्यामुळं हे असं झालं. त्या नियमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : विक्री ठोक आहे की किरकोळ हे वजनावर ठरत नाही, घेणारा कोण यावर ठरतं. तुम्ही तीस किलो घेतलंत तरी घरासाठी घेणारं गिऱ्हाईक हे किरकोळीचंच. म्हणूनच कार्ड देताना भावाचे परवान्याचे कागद मागितले होते.

या कार्डाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण मला तेच जास्त काळजीचं वाटतं. बिल निघतं मेसच्या नावानं. घरचा साबण, बिस्किटं, चीज मेसच्या खर्चात धरलं गेलं तर हिशेब खोटा होतो. त्यावर भावानं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं असेल तर ती सरळ चूकच, कारण घरगुती वापराच्या मालावर ते घेता येत नाही. दुसरं, माल खराब निघाला तर भांडायचं कुणी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी माल घेणारा साधारणपणे ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. बिल मेसचं आणि तक्रार तुमची, तर पहिला प्रश्न हाच येईल की तुमचा संबंध काय. आणि तिसरं घरातलं. भाऊ म्हणतो, “ताई, बिनधास्त मागव.” भाऊ असंच म्हणणार. पण मेसचा हिशेब तुमच्या वहिनी ठेवतात, असं तुम्हीच लिहिलंय, आणि परवा त्यांनी “या महिन्यात चीज एवढं कसं?” असं विचारलं तेही लिहिलंय. त्यांनी चिजाबद्दल विचारलं, पण त्यात बाकीचंही आलं. फोनमधून ते ॲप काढा. चार महिन्यांची बिलं घेऊन वहिनींजवळ बसा, आपला माल वेगळा दाखवा, काही देणं राहिलं असेल तर चुकतं करा. दिवाळीच्या भाऊबीजेच्या आधी हे झालेलं बरं.

आता अप्पा. २०१६ च्या त्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पाणी भरायच्या जागी गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पाणी नाही म्हणून बांधकामं थांबली, बांधकामं थांबली म्हणून ग्रिल-दरवाज्यांची कामं थांबली, आणि तुमच्या मिस्टरांचं वर्कशॉप बंद पडल्यासारखं झालं. त्या आठ महिन्यांत अप्पांनी वहीत लिहिलं आणि माल दिला. कागद नाही, व्याज नाही. कुठलंही ॲप हे करणार नाही. तुम्ही ती उधारी पै न् पै फेडलीत, हेही तितकंच खरं.

मी काही असं म्हणणार नाही की त्या उपकारापोटी तुम्ही जन्मभर प्रत्येक वस्तू महाग घ्यावी. तसं अप्पांनाही वाटत नसेल. सासूबाईंना बोचतंय ते तुम्ही न सांगता बंद केल्याचं. इतक्या वर्षांचं खातं, आणि एक दिवस यादी यायची थांबली. अप्पांनी काय समजायचं? वजनात काही खोट निघाली, की माल वाईट निघाला, की बोलण्यात काही लागलं? त्यांना कुणी काही सांगितलंच नाही. तर जा, सासूबाईंना बरोबर घेऊन जा. सरळ सांगा : “अप्पा, चार महिने बाहेरून मागवून बघितलं. तांदळात आणि साबणात फरक पडतो. कट्टा घेतला आणि रोख दिले तर तुम्ही काय लावाल?” पुष्कळ किराणावाले अख्ख्या कट्ट्याला आणि रोखीला वेगळा भाव लावतात, फक्त गिऱ्हाईक विचारत नाही. भाव जुळला तर उत्तम, मिटलं. नाही जुळला तर तांदूळ मोंढ्यातून आणा आणि बाकीची महिन्याची यादी अप्पांकडं ठेवा. अप्पा व्यापारी आहेत, भाव न जुळणं त्यांना कळतं.

मोंढ्याचं नाव काढलं म्हणून सांगते. लातूरसारख्या ठिकाणी राहून तूरडाळ ॲपवरून मागवण्यात काय अर्थ आहे, हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या बिलात पाच किलो तूरडाळ आहे. तुमच्या आजूबाजूला डाळमिला आहेत, उदगीरला आहेत, निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. नवीन तूर बाजारात आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मिलवरून किंवा मोंढ्यातून वर्षाची डाळ घ्या, ऊन द्या, सासूबाईंना तेलाचा हात लावायला सांगा. तिथं घरगुती गिऱ्हाईकालाही कट्टा मिळतो, कार्ड लागत नाही, आणि मूठभर डाळ हातात घेऊन बघता येते.

हे वाचणाऱ्या ज्या बाकीच्या घरी असंच चाललंय, त्यांनीही एक महिना फक्त लिहून बघावं : कोणती वस्तू कधी फोडली, कधी संपली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलं तरी चालतं. महिन्यानं आपल्या घराचं माप कळतं. मग ठोकात काय घ्यायचं हे वेगळं शोधावं लागत नाही. अख्खं धान्य, मीठ, साखर, भांड्याचा आणि कपड्याचा साबण, हे टिकतं आणि ठरल्या वेगानं संपतं. गूळ पावसाळ्यात पाझरतो, तो उन्हाळ्यात घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रवा, मैदा, बेसन, दाणे, सुकं खोबरं, दळलेले मसाले थोडे थोडेच घ्यावेत, भाव कितीही चांगला असो. तेलाचा डबा घ्यायचाच असेल तर दोन लिटरच्या बरणीत काढून वापरा आणि बरणी पुन्हा भरायची तारीख डब्यावर लिहा. बाकी तेल घट्ट बंद करून अंधारात ठेवा. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी तेल खवट होतं. आणि मुलं जे स्वतःच्या हातानं काढून खातात ते ठोकात कधीच नको. बारा पुड्यांचं बिस्किटाचं खोकं घरात आलं की ते बारा दिवसांचं असतं, कितीही मोठं असो.

अख्खा कट्टा एका घराला जड जात असेल तर तीन घरांत वाटून घ्या. तुमची भिशी आहे, तिच्यातल्याच दोघी बघा. एकीच्या घरी वजनकाटा, तिघींचे रिकामे डबे, आणि माल आला त्याच दिवशी वाटणी. उद्यावर ठेवली की त्यातून कुरबुरी निघतात. महालक्ष्म्यांना पुरणासाठी हरभराडाळ आणि गूळ लागतो, दिवाळीला पोहे, डाळं, साखर लागते. अशा वेळी तिघींनी मिळून मोंढ्यात गेलात तर भाव नक्की तुटतो.

घरगुती गिऱ्हाईकाला विकणाऱ्या एखाद्या ऑनलाइन दुकानातून स्वतःच्या नावावर जरूर घ्या, मी त्याच्या विरोधात नाही. स्वतःच्या नावावर, एवढंच. ‘फक्त दहा मिनिटं उरली’ असं घड्याळ पळताना दिसलं तर फोन ठेवून द्या आणि भात लावायला घ्या. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, अशा १३ युक्त्या सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणून बंद केल्या आहेत, तरी सावध आपणच राहायचं. पैसे भरण्याआधी टोपली एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. माल पोचवणारा पोरगा आला की ओटीपी सांगायच्या आधी नग मोजा, डब्याचं सील बघा, तारीख बघा. ऑनलाइन आलेल्या खाण्याच्या वस्तूची निदान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस बाकी असावेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये विक्रेत्यांना बजावलंय. त्याहून जवळची तारीख असेल तर घेऊ नका. खोकं फोडताना मुलीला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. खराब निघालं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची, असा २०२० चा नियम आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या घरात आज जे पडलंय त्याचं काय करायचं ते सांगते. तांदळाचा कट्टा ड्रमापासून हलवा, खाली लाकडी पाट ठेवा. या रविवारी तांदूळ चाळून सुती चादरीवर सावलीत पसरा. तांदळाला कडक ऊन दिलं तर दाणे तडकतात आणि भाताचा चुरा होतो. सोंडे दिसले तरी सगळा फेकू नका, पसरला की ते आपले निघून जातात. मग सासूबाईंना म्हणा, “आई, हे तुम्ही भरून द्या, मला येत नाही.” हे खोटं बोलणं होणार नाही, कारण खरंच येत नाही तुम्हाला, आणि मलाही त्या दहा किलो दाण्यांपर्यंत येत नव्हतं. बिबे त्यांच्याच हातानं घालू द्या. बिब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून मुलांना लांब ठेवा. बोरिक पावडर मात्र कुणीही सुचवली तरी खाण्याच्या धान्यात नको. उरलेला तीन किलो रवाही नीट चाळून घ्या. अळी नसेल तर मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून घट्ट डब्यात भरा आणि पंधरा दिवसांत संपवा.

दिवाळीची यादी यंदा सासूबाईंना सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या. त्या सांगतील तेवढंच लिहा, आपलं मधे काही घालू नका. तीच यादी घेऊन दोघी अप्पांकडं जा.

आणि त्या सॉसच्या दोन बरण्या आणि चीज उघडलं नसेल तर आजच भावाच्या मेसला देऊन टाका. तिथं दोनशे पोरं जेवतात, आठवड्यात संपेल.